कर्त्याआधी ‘डू’: इंग्रजी प्रश्नरचनेच्या सरावाविषयी एक संवाद

इंग्रजीत विधानाचा प्रश्न करताना सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. ‘शी इज सिंगिंग’चा प्रश्न ‘इज शी सिंगिंग?’ असा होतो, ‘ही कॅन स्विम’चा ‘कॅन ही स्विम?’ असा. वाक्यात सहाय्यक क्रियापद नसेल तर त्या जागेसाठी ‘डू’ आणावे लागते, आणि काळाची व पुरुष-वचनाची खूण मुख्य क्रियापदावरून उतरून त्याच्यावर बसते: ‘ही गोज’, ‘डज ही गो?’, ‘ही वेन्ट’, ‘डिड ही गो?’. नकारातही ‘डू’ असाच लागतो, फक्त तो कर्त्यानंतर येतो: ‘ही डज नॉट गो’.

मराठीत प्रश्न विचारायला एवढे करावे लागत नाही. ‘ती गाते आहे’ याला शेवटी ‘का’ जोडला की काम झाले. ‘तू कुठे राहतोस?’ या वाक्यात ‘कुठे’ हा शब्द उत्तरातल्या ‘पुण्यात’च्याच जागी बसतो. शब्द इकडचे तिकडे झाले तरी प्रत्यय अर्थ सांभाळतात. ‘मांजराने उंदराला पकडले’ म्हणा की ‘उंदराला मांजराने पकडले’ म्हणा, सापडतो उंदीरच. इंग्रजी नामांना असे विभक्तिप्रत्यय नाहीत, त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोण हे बहुधा जागेवरूनच ठरते. मराठी माध्यमातल्या मुलांच्या तोंडी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ आणि ‘आय डिड नॉट वेन्ट’ ही वाक्ये दहावीपर्यंत आणि पुष्कळदा त्यानंतरही राहतात, त्याचे मूळ या फरकात आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा शिकण्याची वर्षे कमी पडतात असे म्हणता येत नाही. प्रश्न सरावाच्या पद्धतीचा आहे.

या सरावाविषयी शिक्षकांत दोन मते आढळतात. एक मत नियम, घोटून घेणे आणि पाठांतर यांच्या बाजूचे आहे. दुसरे मत असे की भाषा वापरायची गरज निर्माण करावी, रचना मागोमाग येते. पुढच्या संवादात पहिली बाजू आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवणारे सर मांडतात, दुसरी प्राथमिक वर्गांच्या बाई.

सर: माझी पद्धत जुनी आहे. नियम सांगायचा, फळ्यावर दहा वाक्यं लिहायची आणि वर्गाकडून त्यांची नकारार्थी आणि प्रश्नार्थी रूपं करून घ्यायची. आधी तोंडी, मग वहीत. याचं कारण ‘डू’ या शब्दातच आहे. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हे इंग्रज माणूस भरभर बोलतो तेव्हा त्यातला ‘डू’ जवळजवळ गिळलेला असतो. त्याच्यावर जोर नाही, त्याला स्वतःचा अर्थ नाही आणि तो गाळला तरी समोरच्याला प्रश्न कळतो. जो धड ऐकू येत नाही आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही, असा शब्द नुसता कानावर पडून जिभेवर कसा येईल? तो बोट ठेवून दाखवावाच लागतो.

बाई: बोट ठेवायला माझी ना नाही, सर. पण आपण ते ठेवतो कशावर? ‘राम गोज टू स्कूल’ हे वाक्य देतो आणि त्याचं ‘डज राम गो टू स्कूल?’ करून घेतो. राम शाळेत जातो हे मुलाला आपणच सांगितलं, मग त्यानं ते विचारायचं कशासाठी? ज्याला उत्तर माहीत नसतं तोच प्रश्न विचारतो. त्याच्या हाताशी विधान नसतंच, त्याला थेट ‘व्हेअर’नं किंवा ‘डज’नं सुरुवात करावी लागते. आपण सराव घेतो रूपांतराचा आणि वाट पाहतो बोलण्याची.

बाईंचा हा आक्षेप या विषयातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. विधानातून प्रश्न काढण्याच्या कल्पनेला भाषाशास्त्रातही स्थान मिळाले. नोम चॉम्स्की यांनी 1957 च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात इंग्रजी सहाय्यक क्रियापदांची मांडणी रूपांतराच्या नियमांनीच केली. पण ते भाषेच्या रचनेचे वर्णन होते. बोलणारा माणूस प्रत्येक वेळी आधी विधान रचतो आणि मग ते फिरवतो, असा दावा त्यात नव्हता. परीक्षेतल्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ला पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी बसस्थानकावर परदेशी प्रवाशाला ‘व्हेअर यू वॉन्ट टू गो?’ अशा धाटणीचे वाक्य विचारतो, याचा उलगडा बाईंच्या आक्षेपातून होतो. वहीत त्याच्यासमोर फिरवायला विधान होते, स्थानकावर नव्हते.

सर: मान्य. मग रूपांतर बाजूला ठेवू आणि तक्ता घेऊ. हॅरल्ड पामर यांनी 1916 मध्येच शंभर सब्स्टिट्यूशन टेबलांचं पुस्तक काढलं होतं. फळ्यावर चार रकाने आखायचे. पहिल्यात ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’. दुसऱ्यात ‘डू’ आणि ‘डज’. तिसऱ्यात ‘यू’, ‘युवर ब्रदर’, ‘द टीचर्स’. चौथ्यात ‘वर्क’, ‘ईट’, ‘स्लीप’. मुलानं प्रत्येक रकान्यातून एकेक शब्द उचलायचा. इथं विधान कुठंच नाही, प्रश्न पहिल्यापासून प्रश्न म्हणूनच तयार होतो. आणि दुसरा रकाना ओलांडल्याशिवाय तिसऱ्यात जाता येत नाही, हे डोळ्यांना दिसतं.

बाई: तक्ता मला आवडतो, पण तो एकटा पुरत नाही. ‘व्हाय डू द टीचर्स स्लीप?’ असं वाक्य मूल अर्थाकडे न बघता खडाखडा म्हणेल. जीभ वळेल, पण विचारण्याची इच्छा नसेल. बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात शाळांमधून जो प्रयोग केला, तो याच्या उलट होता. व्याकरण शिकवायचं नाही, घोकून घ्यायचं नाही. मुलांना वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी देऊन त्यातलं कोडं सोडवायला लावायचं. डोकं अर्थात गुंतलं की रचना आपोआप घडत जाते, असा त्यामागचा विचार होता.

सर: मग कॅनडाचंही पाहा. क्विबेकमध्ये 1965 पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं दिवसाचे कित्येक तास फ्रेंच. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका राहिल्या. मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये त्यावरूनच मांडलं की नुसतं समजून घेणं पुरत नाही, मुलाला बोलायला भाग पाडावं लागतं. त्या मुलांना दिवसभर भाषा मिळत होती. आपल्याकडे रोजची एक तासिका.

सरांच्या या उत्तराला पूरक असा पुरावा त्याच क्विबेकमधून आला, आणि तो नेमका प्रश्नरचनेविषयी आहे. तिथल्या पाचवी-सहावीतल्या फ्रेंचभाषक मुलांच्या इंग्रजी वर्गांत लिडिया व्हाइट, नीना स्पाडा, पॅट्सी लाइटबाउन आणि लीला रांटा यांनी प्रश्नार्थी वाक्यांचे शिक्षण देऊन पाहिले. त्याचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्ग मुळात बोलण्यावर आणि संवादावर भर देणारे होते. त्यात सुमारे दोन आठवडे प्रश्नांच्या शब्दक्रमाकडे मुद्दाम लक्ष वेधले, चुका दुरुस्त केल्या, आणि मुलांचे प्रश्न स्पष्टपणे सुधारले. त्याच वर्षी व्हाइट यांनी क्रियाविशेषणाच्या जागेविषयी असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही शिकवल्यानंतर लगेच सुधारणा दिसली, पण वर्षभराने ती ओसरली होती. प्रश्नांच्या बाबतीत मात्र फायदा टिकला. संशोधकांनी याचे कारण असे दिले की वर्गात प्रश्न रोज कानावर पडत होते आणि विचारायची गरजही पडत होती. त्या विशिष्ट क्रियाविशेषणांची वाक्ये मात्र शिकवणी संपल्यावर कानावर फारशी येईनात. म्हणजे बोट ठेवून दाखवणे उपयोगी पडते, पण ज्याचा रोज वापर आहे त्याच बाबतीत ते टिकते.

यापुढचा वाद मराठीच्या वापराचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे.

बाई: एक गोष्ट मला पटत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी आणली की मुलं शब्दाला शब्द लावायला लागतात. ‘तू कुठे जात आहेस?’चं ‘यू व्हेअर गोइंग आर?’ इथूनच सुरू होतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत होती, पण भाषांतर येणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं.

सर: भाषांतर करून घ्या असं मी म्हणत नाही. मराठीचं व्याकरण दाखवा म्हणतो. आता बघा: ‘तू जातोस’ याचा नकार करा.

बाई: ‘तू जात नाहीस.’

सर: ‘जातोस’मधला ‘स’ कुठं गेला?

बाई: ‘नाही’ला जाऊन चिकटला.

सर: आणि ‘ते जातात’चं ‘ते जात नाहीत’. तिथला शेवटचा ‘त’सुद्धा ‘नाही’वर गेला. मागं राहिलं नुसतं ‘जात’. आता ‘ही गोज’चं ‘ही डज नॉट गो’ करा. ‘गोज’वरचा ‘ज’ उचलला, ‘डू’ला लावला, मागं राहिलं नुसतं ‘गो’. जे आपलं मूल अडीच-तीन वर्षांपासून घरी करतंय तेच इंग्रजी करतंय. आपण त्याला सांगतो की हा इंग्रजीचा विचित्र नियम आहे, तो पाठ कर. त्याच्या भाषेतच तो आहे हे सांगत नाही.

बाई: हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. पण मग भूतकाळात मुलं हटकून का चुकतात? ‘डिड नॉट वेन्ट’ काही जाता जात नाही.

सर: कारण तिथं मराठी अर्ध्या वाटेवर थांबते. ‘तू गेलास’, ‘तू गेला नाहीस’. ‘स’ हलला, पण ‘गेला’ हे भूतकाळाचं रूप जागचं हललं नाही. मुलाच्या कानाला ‘गेला नाही’ हे बरोबर वाटतं, म्हणून ‘वेन्ट’ टिकून राहतं आणि ‘डिड नॉट’ त्याच्याशेजारी जाऊन बसतं.

बाई: म्हणजे ‘डज’ शिकवताना मराठीचा हात धरायचा आणि ‘डिड’पाशी आल्यावर मराठीपासून सावध करायचं.

सरांनी दाखवलेले हे साम्य पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. असेच आणखी एक साम्य सहाय्यक क्रियापदांच्या क्रमात आहे. इंग्रजीत एकापुढे एक सहाय्यक क्रियापदे येतात तेव्हा त्यांचा क्रम पक्का असतो: आधी ‘विल’, ‘मे’, ‘कॅन’ यांसारखे शब्द, मग ‘हॅव’, मग चालू क्रियेचे ‘बी’, मग कर्मणीचे ‘बी’ आणि शेवटी मुख्य क्रियापद. विद्यार्थ्यांना ही साखळी अवघड वाटते. पण ‘द वर्क विल हॅव बीन डन’ या वाक्यासमोर ‘काम केले गेले असेल’ हे वाक्य ठेवावे आणि मराठी वाक्य शेवटाकडून वाचावे. ‘असेल’ म्हणजे ‘विल हॅव’, ‘गेले’ म्हणजे ‘बीन’, ‘केले’ म्हणजे ‘डन’. ‘शी मे बी रीडिंग’ आणि ‘ती वाचत असेल’ यांचेही तसेच. दोन्ही भाषांत मुख्य क्रियापदाच्या सर्वांत जवळ कोण आणि सर्वांत दूर कोण हे एकच आहे. मराठीत मुख्य क्रियापद आधी येते, इंग्रजीत शेवटी, म्हणून क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो. मराठी मुलाला हा क्रम नव्याने शिकायचा नसतो. तो दुसऱ्या टोकाकडून मोजायचा असतो.

‘डू’ मुळात आला कुठून, असेही मुले विचारतात, आणि त्याचे उत्तर त्यांना द्यावे. इंग्रजांनाही तो नेहमी लागत नव्हता. शेक्सपिअरच्या काळात ‘नो यू?’ आणि ‘डू यू नो?’ अशा दोन्ही तऱ्हा चालत. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात ‘आय नो नॉट’ या वळणाची वाक्ये सर्रास आहेत. ‘डू’चा वापर सोळाव्या शतकात झपाट्याने वाढला आणि पुढे तो सक्तीचा झाला. त्यामागे तर्क शोधत बसण्यात अर्थ नाही, हे मुलांना कळले की अर्धी धास्ती जाते.

बाई: आता क्रमाचं बोलू. आपली पुस्तकं एकाच धड्यात होकारार्थी, नकारार्थी आणि प्रश्नार्थी असे तीन रकाने देतात आणि ‘डू’ तिथंच आणतात. मुलं त्या पायरीवर आलेली असतात का? इंग्रजी ही मातृभाषा असलेली मुलंसुद्धा एकदम तिथं पोचत नाहीत. आधी नुसता सूर चढवून विचारतात. मग ‘कॅन’, ‘इज’ पुढे आणायला शिकतात. पण ‘व्हॉट’, ‘व्हेअर’ आले की त्यांचा क्रम पुन्हा बिघडतो. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी 1966 मध्येच हे टप्पे नोंदवलेत. मानफ्रेड पीनेमान यांनी जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांवर काम केलं, त्यात जी मुलं आधीच्या टप्प्यावर होती त्यांना पुढचा टप्पा शिकवूनही आला नाही.

सर: त्याला माझी हरकत नाही. ‘इज’ आणि ‘कॅन’ तिसरी-चौथीत तुमच्याकडे पक्के होऊन आले तर ‘डू’ माझ्याकडे सोपा होईल. आज काहीच पक्कं होऊन येत नाही.

हा क्रम शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाळावा, पुस्तक काहीही म्हणो. आधी ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’ यांची कर्त्याशी अदलाबदल, मग त्याच वाक्यांना ‘व्हेअर’, ‘व्हॉट’, मग ‘डू’ आणि ‘डज’, त्यानंतर ‘डिड’. कर्त्याविषयीचाच प्रश्न असेल तर ‘डू’ येत नाही, ‘हू टोल्ड यू?’ एवढेच होते, हे ‘डिड’ पक्के झाल्यावर सांगावे. ‘डजन्ट ही?’, ‘कान्ट शी?’ ही वाक्याच्या शेवटची शेपटे आणखी नंतरची. मराठीत एकटा ‘ना’ ते सगळे काम करतो, त्यामुळे ‘इजन्ट इट?’ सगळीकडे वापरायची सवय लागते, पण तिने कुणाचे फारसे अडत नाही.

एक जागा मात्र घाईने ओलांडण्यासारखी नाही. ‘डू’चा सराव भरपूर झाला की नवी चूक जन्माला येते: ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह.’ इथे प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात आहे, आणि पोटातल्या प्रश्नाला अदलाबदल नको असते: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ काल जो क्रम चूक ठरवला तो आज बरोबर, हे पाहून विद्यार्थी गोंधळतो. पण ही चूक प्रगतीची खूण आहे. ज्याला ‘डू’ आलाच नाही त्याच्या हातून ती होत नाही. पाठीवर थाप देऊनच ती सुधारावी.

सर: तुमच्या पद्धतीनं ‘डज’चा एक तास घ्यायचा तर कसा घ्याल?

बाई: जोड्या करीन. दोघांना एस. टी. च्या वेळापत्रकाचे दोन कागद. एकाच्या कागदावर साताऱ्याच्या आणि सोलापूरच्या गाडीची वेळ आहे, कोल्हापूर आणि नाशिक कोरे आहेत. दुसऱ्याचं बरोबर उलटं. कागद दाखवायचा नाही, विचारायचं. ‘व्हेन डज द कोल्हापूर बस लीव्ह?’, ‘हाऊ मेनी आवर्स डज इट टेक?’. उत्तर मिळेल ते लिहून घ्यायचं. इथं मुलाला खरोखरच माहीत नसतं, म्हणून तो खरोखरच विचारतो.

सर: त्याआधी पाच मिनिटं माझा तक्ता राहू द्या. आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद कालच्या गाड्यांसाठी वापरा. ‘व्हेन डिड द नाशिक बस लीव्ह यस्टरडे?’ ‘इट लेफ्ट अ‍ॅट सिक्स.’ प्रश्नात ‘लीव्ह’, उत्तरात ‘लेफ्ट’. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि ‘डिड’ जवळ आला की ‘लेफ्ट’ का पळतो हे दहा वेळा दोघांच्या कानावर पडतं. पण चूक झाली की मी तिथल्या तिथं थांबवीन.

बाई: थांबवलं की मूल गप्प होतं, सर. चुका टिपून ठेवाव्यात आणि तास संपताना फळ्यावर घ्याव्यात.

या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत होत नाही, आणि इथे सरांचे म्हणणे अधिक ग्राह्य आहे. चुकीचा शब्द वापरला तर समोरच्याला अर्थ कळत नाही, आणि बोलणाऱ्याला आपली चूक लगेच समजते. ‘व्हेन द बस लीव्ह्ज?’ असे विचारले तर मात्र उत्तर मिळतेच. ‘डू’ गाळल्याने संवाद अडत नाही, म्हणून संवाद ती चूक कधीच दुरुस्त करत नाही. ते काम माणसालाच करावे लागते. बाईंची भीती खरी आहे, म्हणून ओरडू नये, नियम सांगत बसू नये, जोडीदारानेच ‘व्हेन…?’ एवढे म्हणून थांबावे आणि ‘डज’ ऐकू येईपर्यंत वेळ सांगू नये. असा संकेत जोडीत आधीच ठरला तर कुणाचा अपमान होत नाही आणि खेळही चालू राहतो.

इंग्रजीच्या तासाला बहुतेक प्रश्न शिक्षक विचारतात आणि मुले उत्तरे देतात. होकारार्थी उत्तरात ‘डू’ची आणि उलट्या शब्दक्रमाची क्वचितच गरज पडते, त्यामुळे वर्गात या रचनेचा सर्वाधिक सराव ज्याला तो नको आहे त्या शिक्षकालाच होतो. प्रत्येक तासातली दहा मिनिटे तरी हे उलटे करावे: प्रश्न मुलांनी विचारावेत, आणि शिक्षकांनी उत्तरे द्यावीत.